सुईची वेळ, ताटाची वेळ

घरातले वडीलधारे माणूस रुग्णालयात दाखल झाले की घरच्या बाईची काय तारांबळ उडते, हे तुम्हा मैत्रिणींना मी वेगळे सांगायला नको. इकडे मुलांची शाळा, तिकडे डबा, मधेच नातेवाइकांचे फोन, आणि या सगळ्यात रुग्णालयाच्या दोन-दोन फेऱ्या. त्यातून त्या माणसाला मधुमेह असेल तर डब्यात काय द्यायचे इथपासूनच प्रश्न सुरू होतात. "भात चालेल का हो?" "नारळपाणी देऊ का?" "घरच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद?" भेटेल त्या माणसाचे उत्तर निराळे!

गेल्या वर्षी मी या सगळ्यातून गेले. मला जे उशिरा कळले ते तुम्हाला वेळेवर कळावे, म्हणून हा लेख.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. साखर वीस-बावीस वर्षांची जुनी. रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी, हा त्यांचा नेम देवपूजेइतकाच पक्का. एका रविवारी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. आमच्या सांगलीतल्याच एका रुग्णालयात त्यांना दाखल केले. बुधवारी ऑपरेशन झाले, तेही छान पार पडले. डॉक्टर मला म्हणाले, "आजींची गोळी सध्या बंद. इथं आहेत तोवर इन्सुलिनवर ठेवतो." मी मान डोलावली, बाहेर येऊन ह्यांना सांगितले, ह्यांनी नणंदेला सांगितले. सगळ्या घराला कळले.

गुरुवारी सासूबाईंनी नणंदेकडून घरचा बटवा मागवून घेतला. त्यात जपमाळ, थोडे सुटे पैसे, सुपारी. कुणाला काही वावगे वाटले नाही. शुक्रवारी दुपारी सिस्टरने बोटाला टोचून साखर तपासली, ती ८२ आली. घरी कधी १८० च्या खाली न येणारी साखर ८२! आम्ही खूश. ह्यांनी तर फोन करून सगळ्यांना कळवले, "आईची साखर एकदम नॉर्मल."

शनिवारी संकष्टी होती.

रात्री नणंद थांबली होती, ती साडेसातला घरी गेली. मी डबा घेऊन दहाला पोचले. मधल्या वेळात सिस्टरने साडेसातला सुई दिली, आठला नाश्त्याचे ताट आले. सासूबाईंनी वॉर्डातल्या मावशींना सांगितले, "तो उपमा जरा माझ्या डब्यात काढून ठेव गं, मग खाते." मावशींनी काढून ठेवला आणि रिकामी थाळी नेली. रिकामी थाळी पाहून नाश्ता झाला, असेच सगळ्यांना वाटले.

मी गेले तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. म्हटले, रात्री दुखत असेल, झोपू दे. अकराच्या सुमारास हाक मारली तर मला नणंदेच्या नावाने ओ दिली. म्हटले, वय झाले, त्यात दुखण्याचे औषध, होते असे. शेजारच्या पलंगावरच्या आजींची मुलगी उठून आली आणि म्हणाली, "ताई, त्यांना घाम बघा किती आलाय. हात बघा, गार पडलेत. सिस्टरला बोलवा आधी."

सिस्टरने टोचले. साखर ४६.

त्यानंतरची पंधरा मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. त्यांना गिळता येत होते म्हणून आधी पाण्यात ग्लुकोज कालवून पाजले, मग डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले. साखर वर आली, सासूबाईंनी डोळे उघडून मला माझ्या नावाने हाक मारली आणि मी भिंतीला टेकून रडले. पण तीन वाजता साखर पुन्हा ६१! तेव्हा डॉक्टर थबकले. म्हणाले, "नुसत्या सुईनं असं होत नाही. आजी, तुम्ही दुसरं काही औषध घेतलंत का?"

सासूबाई अगदी सहजपणे म्हणाल्या, "नाही हो. माझी रोजची गोळी तेवढी घेतली."

बटव्यात गोळ्यांची पट्टी होती. दोन घरे रिकामी, शुक्रवारचे आणि शनिवारचे. म्हणजे शुक्रवारची ती ८२ साखर ही खुशखबर नव्हती, ती सूचना होती. आणि शनिवारी सुई होती, गोळी होती, पोटात मात्र घोटभर चहाशिवाय काही नव्हते. ऑपरेशन निर्विघ्न पार पडले म्हणून त्यांनी संकष्टी कडक धरली होती! त्या गोळीचा असर उतरेपर्यंत रात्रभर ग्लुकोजचे सलाईन चालू ठेवावे लागले.

चूक कुणाची? पुष्कळ विचार केला. गोळी बंद आहे हे साऱ्या घराला ठाऊक होते. फक्त जिची गोळी तिलाच कुणी सांगितले नव्हते. उपवास आहे का, हेही तिला कुणी विचारले नव्हते. आपण म्हाताऱ्या माणसाची सेवा करतो, पण त्याच्याशी बोलत नाही. ते आपल्याला महागात पडले.

दाखल करताना

घरात चालू असलेली सगळी औषधे मूळ पट्ट्यांसकट एका पिशवीत घालून न्यावीत. सगळी म्हणजे सगळी. रक्तदाबाची, गुडघ्याची, झोपेची, आणि कुणी सांगितले म्हणून चालू केलेले मेथीचे चूर्ण, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूडसुद्धा. डॉक्टरांना किंवा सिस्टरला ती पिशवी दाखवावी, केसपेपरवर नोंद करून घ्यावी आणि मग ती पिशवी घरी परत न्यावी. पलंगाजवळ ठेवू नये. बटवा, पर्स, उशीखाली, चष्म्याच्या घरात कुठे पट्टी राहिली नाही ना, हे प्रेमाने पण नीट पाहावे.

ऑपरेशन ठरले असेल तर ही पिशवी फार मोलाची. साखरेच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी बंद ठेवतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ज्यांची नावे 'फ्लोझिन'ने संपतात, त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तर ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवतात. कारण उपाशी शरीरात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. रंगद्रव्य टोचून स्कॅन काढायचा असेल आणि मूत्रपिंड नाजूक असेल तर मेटफॉर्मिन थांबवावी लागते. यातले काही आपण ठरवायचे नाही. पण कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आपणच सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट न्यायची, ती म्हणजे कवळी! आमच्या सासूबाईंची कवळी पहिले दोन दिवस घरच्या पेल्यातच राहिली. रुग्णालयातून मधुमेहाचे व्यवस्थित ताट यायचे. फुलके, उसळ, कोशिंबीर. त्यातले त्यांना काही चावायचेच नाही. त्या वरणभात तेवढा खायच्या आणि बाकीचे ताट परत जायचे. चष्मा आणि कानाचे यंत्रही असेच विसरते. ऐकू न आलेल्या माणसाने "हो, हो" म्हटले की आपण समजतो, कळले.

रुग्णालयात सुई कशाला?

"एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ही भीती खरी नाही. ऑपरेशन, ताप, जंतूंचा संसर्ग, दुखणे, भीती या सगळ्यांनी शरीरातली साखर वाढते. दम्यासाठी किंवा सुजेसाठी स्टेरॉइड दिले तर आणखीच वाढते. अशा वेळी खाणे कधी कमी, कधी जास्त. गोळीचा डोस तासातासाला बदलता येत नाही, सुईचा बदलता येतो. म्हणून रुग्णालयात इन्सुलिन देतात. दुखणे ओसरल्यावर पुष्कळजण पुन्हा गोळ्यांवर येतात. आणि एखाद्याला सुई कायमची लागलीच, तरी तो काही शेवट नव्हे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवून दिवस मोजण्यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. ज्या औषधाने माणसे जगू लागली त्याला आपण घाबरतो, हे नवलच.

रुग्णालयात वयस्क माणसाची साखर अगदी ९०-१०० वर आणण्याचा अट्टाहास नसतो. बहुतेक रुग्णांची ती साधारण १४० ते १८० च्या आसपास राहावी असा प्रयत्न असतो. आपल्या माणसासाठी कोणता आकडा ठरवला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. म्हणजे १७० पाहून घाबरायला नको, आणि ८२ पाहून आमच्यासारखे पेढे वाटायला नकोत!

सुई आणि ताट यांची गाठ

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जेवणाच्या आधीची सुई म्हणजे येणाऱ्या घासासाठी आधीच पाठवलेले बोलावणे. घास आला नाही तर ती सुई रक्तातलीच साखर खाली ओढते.

साध्या इन्सुलिनची किंवा तीस-सत्तर मिश्रणाची सुई सहसा जेवणाआधी अर्धा तास देतात. नव्या, झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनची सुई ताट समोर आल्यावर किंवा दहा-पंधरा मिनिटे आधी. दिवसातून एकदा द्यायची लांब पल्ल्याची सुई निराळी, ती एका जेवणाशी बांधलेली नसते. आपल्या माणसाची सुई यातली कोणती, आणि जेवण किती वाजता येते, हे दोन प्रश्न सिस्टरला विचारायला लाजू नये. सिस्टर कामात असतात, पण नीट विचारले तर सांगतात.

पुढे असे करावे:

सुई झाली आणि ताट आले नाही, तर पाच-दहा मिनिटे वाट पाहून लगेच कळवावे. "येईल एवढ्यात" म्हणत बसू नये.

सुईनंतर एक्सरे किंवा सोनोग्राफीसाठी न्यायला आले, तर "सुई झाली आहे, जेवण राहिलं आहे" हे स्पष्ट सांगावे. खाली रांगेत तासभर जातो आणि ताट वर थंड होत राहते.

ताटातले निम्मेच खाल्ले, उलटी झाली, मळमळ म्हणून ताट परत गेले, तर ते सिस्टरला सांगावे. ज्यांचे खाणे बेभरवशाचे आहे त्यांना सुई जेवणानंतर लगेच देण्याची सोय डॉक्टर करू शकतात.

ऑपरेशनसाठी उपाशी ठेवले असेल, तर "आज सुईचं आणि गोळ्यांचं काय?" हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावे. ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली गेली तर पुन्हा विचारावे.

उपवासाचा दिवस आधी सांगावा. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, जे असेल ते. "आई, उद्या उपास धरणार का?" हे आपणच विचारावे. न विचारता त्या सांगणार नाहीत, कारण आपण नको म्हणू, हे त्यांना ठाऊक असते!

डबा घरचा की तिथला?

रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतील तर त्यांनी ठरवलेले ताट मोजून-मापून आलेले असते आणि सुईचा डोस त्या ताटाच्या अंदाजाने असतो. त्यावर आपण वरून घरचा डबा चारला की हिशेब चुकतो. म्हणून तिथले ताट की घरचा डबा, हे एकदा ठरवावे. दोन्ही नको. घरचाच द्यायचा असेल तर आहारतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना विचारून प्रमाण बांधून घ्यावे, आणि रोज साधारण तेवढेच द्यावे. एक दिवस पाव भाकरी आणि दुसऱ्या दिवशी दोन, असे नको.

दात नसलेल्या, कंटाळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी आमच्या डब्यात जे चालले ते सांगते. ज्वारीची भाकरी गरम आमटीत कुस्करून, मऊ. तांदूळ कमी आणि मुगाची डाळ जास्त घालून केलेली पातळ खिचडी, त्यात दुधी किंवा पालक बारीक चिरून. मेथीची ताकातली पातळ भाजी. किसलेल्या काकडीची दह्यातली कोशिंबीर. चालत असेल त्यांना उकडलेले अंडे. जखम भरायला प्रथिने हवीत, म्हणून वरण, मूग, दही, पनीर यांकडे लक्ष द्यावे. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ, मीठ, फळे किती द्यायची, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

आता काही गैरसमज. पेज आणि रव्याची लापशी हे 'आजाऱ्याचं खाणं' म्हणून आपण देतो, पण पातळ पेजेतली साखर रक्तात पटकन चढते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमांहून जास्त पिष्ट असते, प्रथिने नावापुरती. मारी बिस्किटे गोड लागत नाहीत, तरी ती मैद्याचीच. नारळपाण्यात साखर असतेच, शिवाय पोटॅशियम भरपूर, म्हणून मूत्रपिंड नाजूक असणाऱ्यांना ते विचारूनच. फळांचा रस नको, त्यापेक्षा पेरूच्या, पपईच्या किंवा सफरचंदाच्या चार फोडी बऱ्या. 'शुगर फ्री' लिहिलेल्या मिठाईत साखर नसली तरी खवा, पीठ, तूप असतेच.

आणि भेटायला येणारी मंडळी! केळ्यांची फणी, बिस्किटांचे पुडे, "एक पेढा, प्रसाद आहे, नाही म्हणू नये." त्यांच्याशी भांडायचे नाही. प्रसाद कणभर आजींच्या जिभेवर ठेवावा, उरलेला पिशवीत. आम्ही पलंगाजवळ एक मोठा डबा ठेवला होता. आलेला खाऊ त्यात जायचा आणि संध्याकाळी वॉर्डातल्या मावशींच्या मुलांना.

भरवताना माणसाला टेकून बसवावे, आडवे असताना भरवू नये. घास गिळला की नाही ते पाहून दुसरा द्यावा.

साखर उतरली तर

साखर ७० च्या खाली गेली की ती उतरली असे समजतात. तरुण माणसाला थरथर, धडधड, भूक, घाम असे ठळक कळते. म्हातारपणी असे होईलच असे नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते. मग दिसते ते एवढेच: माणूस गप्प झाले, चिडचिड करू लागले, असंबद्ध बोलू लागले, झोपाळू झाले. आपण म्हणतो, वय झाले. मैत्रिणींनो, साखरेची सुई किंवा गोळी चालू असलेले माणूस एकाएकी वेगळे वागू लागले, तर आधी साखर तपासायची, मग वयाला दोष द्यायचा.

रुग्णालयात असाल तर लगेच सिस्टर. घरी असाल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे भरून, पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की थोडे खायला द्यावे, नाहीतर ती परत उतरते. चॉकलेट किंवा लाडू देऊ नये, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही पहिल्या घासाबरोबरची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोजची पावडरच लागते. म्हणून अशा घरात ग्लुकोजचा डबा हवाच.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. कुशीवर वळवून तडक दवाखाना. आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांनी साखर उतरली असेल, तर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यांचा असर म्हाताऱ्या शरीरात दिवसभरही रेंगाळतो. आमच्याकडे दुपारी तीनला साखर पुन्हा उतरली ती त्यामुळेच.

घरी परतताना

घरी जायच्या घाईत डिस्चार्ज कार्ड पर्समध्ये जाते आणि जुन्या गोळ्या कपाटात तशाच राहतात. इथेच दुसरी चूक होते. निघण्यापूर्वी डॉक्टरांसमोर बसून तीन प्रश्न विचारावेत: जुने काय बंद? जुने काय चालू? नवे काय, किती दिवस? उत्तरे आजी-आजोबांच्या समोरच घ्यावीत.

एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावाने विकतात, हे ध्यानात असू द्यावे. नव्या पट्टीचे नाव वेगळे दिसले तरी आतले औषध जुनेच असू शकते, आणि मग दोन्ही गोळ्या पोटात जातात. पट्टीवर बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव असते. ते मुलांकडून वाचून घ्यावे आणि जुन्या पट्टीशी ताडून पाहावे. बंद झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी घरातून बाहेर.

घरी इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज वापरणार असाल तर ही गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळते. ४० च्या बाटलीची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चे औषध चुकून लाल टोपीच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट डोस जातो! मेडिकलमध्ये बाटली आणि सिरिंज एकाच वेळी घ्यावी आणि दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहावा. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात चालते, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे.

पलंगाजवळची वही

एक साधी शंभर पानी वही घ्यावी. तिच्यात रोज पाच रकाने: वेळ, साखर, सुई किंवा गोळी, ताटातले किती खाल्ले, कोण जवळ होते. शेवटचा रकाना महत्त्वाचा. आमची चूक बदलीच्या वेळेत झाली, नणंद गेली आणि मी यायची होते. म्हणून जाणाऱ्याने येणाऱ्याला वही दाखवूनच जायचे. "नाश्ता झाला" एवढे लिहू नये, "अर्धी वाटी उपमा, पाव पेला दूध" असे लिहावे. थाळी रिकामी दिसली म्हणजे पोट भरले असे नव्हे, हे आम्ही शिकलो आहोत. डॉक्टर राउंडला आले की वही पुढे करावी. आमच्या डॉक्टरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि रात्रीची सुई कमी केली.

तेराव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. वही त्यांच्याबरोबर आली. आता ती त्यांच्याच ताब्यात असते. अक्षर वेडेवाकडे आहे, पण नोंद रोजची. गोळी कोणती बंद आणि का, हे मी त्यांना एकदा नीट बसून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी कशाला घेतली असती गं? मला काय जीव जड झालाय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या संकष्टीच्या आधी तपासणीला गेलो, तेव्हा त्यांनी मला बोलूच दिले नाही. स्वतःच विचारले, "डॉक्टर, आता चतुर्थी आहे. माझ्या सुईचं काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "कडक उपास आता नाही, आजी. अगदीच सोडवत नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी असं थोडं थोडं चार वेळा खायचं. सुई किती घ्यायची ते लिहून देतो." त्यांनी वही पुढे केली आणि डॉक्टरांकडून तिच्यातच लिहून घेतले.

तुमच्या घरातही कुणी वडीलधारे साखरेचे औषध घेत असेल. त्यांचा बटवा एकदा त्यांच्याबरोबर बसून उघडा. कोणती गोळी कशाची, ती कधी घ्यायची आणि कधी अजिबात नाही, हे त्यांच्याकडूनच ऐका. अर्ध्या तासाचे काम आहे. दुपारचा चहा घेता घेता होईल.